उन्हाळ्यात वेक बोट प्लेनिंगला येत नाही : पंखा बदलण्याआधी काय मोजायचं, बदलायचा तर किती

दरवर्षी मार्च संपला की हीच तक्रार. जानेवारीत सकाळी आठ वाजता पवनेवर किंवा पानशेतला वेक बोट (मागे उठणाऱ्या लाटेवर वेकबोर्ड, वेकसर्फ खेळायची बोट) बॅलास्ट (लाट मोठी व्हावी म्हणून भरलेलं पाण्याचं वजन) भरून, सहा माणसं घेऊन झटक्यात प्लेनिंगला येते, म्हणजे पाण्यावर उचलून सरकू लागते. एप्रिलच्या दुपारी तीच बोट, तीच माणसं, तेवढंच पाणी; पण थ्रॉटल पूर्ण दाबला तरी ती नाक वर धरून पाणी नांगरत राहते. इंजिन गुरगुरतं, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) एका जागी अडकतात, पेट्रोलचा काटा उतरत जातो आणि दोरीवरचा खेळाडू पाण्यातच. मग "पंखा (प्रोपेलर) बदला" असा सल्ला मिळतो, कोणीतरी परदेशातल्या बोटीवरचा पंखा मागवतं आणि पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच.

पंखा हे बहुतेक वेळा खरं उत्तर असतं. पण मोजमाप न करता घेतलेला पंखा म्हणजे अंदाजाने घेतलेला चष्मा.

पुण्यात हे का होतं

खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना ही सगळी जलाशयं समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहेत. या उंचीवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा सुमारे ७% कमी. त्यात जानेवारीची १२ अंशांची सकाळ आणि एप्रिलची ३८ अंशांची दुपार यांच्यातला फरक धरा : त्याच जागी, त्याच दाबाला, हवा आणखी ८% विरळ होते. साध्या (सुपरचार्जर नसलेल्या) इंजिनाची ताकद सिलिंडरमध्ये किती हवा जाते यावर ठरते. हवा कमी तर इंधन कमी, इंधन कमी तर टॉर्क कमी. पाण्याची घनता मात्र तेवढीच राहते, त्यामुळे पंख्याची मागणी तसूभरही कमी होत नाही.

समुद्रसपाटीला बरोबर बसणारा पंखा म्हणूनच इथे जड पडतो. जानेवारीत तो जेमतेम निभावतो, एप्रिलमध्ये निभावत नाही. तक्रार वर्षातून एकदाच येते, म्हणून लोक ती इंजिनाच्या माथी मारतात. खरं तर बोट वर्षभर काठावरच चालत असते.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट नकळत घडते. बॅलास्टच्या पिशव्या मागच्या कप्प्यात कोंबल्या की इंजिनखोलीच्या हवेच्या वाटा बुजतात. मग इंजिन बाहेरची ३८ अंशांची हवाही ओढत नाही, स्वतःच तापवलेली हवा पुन्हा ओढतं. पिशव्या भरल्यावर हात घालून बघा, वाट मोकळी आहे का. या दुरुस्तीला खर्च शून्य.

पंख्याला हात लावण्याआधी

एक प्रश्न आधी विचारा : हाच पंखा, एवढंच वजन, याच ऋतूत गेल्या वर्षी चालत होता का? चालत होता आणि आता चालत नसेल, तर पंख्याचं माप चुकलेलं नाही, काहीतरी बिघडलंय. कधीच नीट चालला नसेल, तर माप चुकलं असण्याची शक्यता मोठी.

बिघाड शोधताना हा क्रम धरा.

थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का? इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर पूर्ण पुढे करावा, दुसऱ्याने इंजिनाजवळ केबलचं टोक पाहावं. केबल ताणली गेली किंवा क्लिप सरकली की शेवटचा थोडा भाग उघडतच नाही. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर स्कॅनरवर टक्केवारी पाहा.

बिल्जमध्ये (बोटीच्या तळातल्या पोकळीत) पाणी आहे का, आणि रिकाम्या केल्या असं वाटणाऱ्या बॅलास्ट टाक्या खरंच रिकाम्या आहेत का? एक लिटर म्हणजे एक किलो. ४०० पौंडी पिशवी म्हणजे सुमारे १८० लिटर, ७५० पौंडी म्हणजे ३४०. एक पिशवी अर्धवट उरली तरी दोन-तीन माणसं जास्त बसवल्यासारखं होतं.

तळ आणि शाफ्ट (पंखा फिरवणारा दांडा) पाहा. बोट महिनोन्‌महिने पाण्यातच बांधलेली असेल तर तळाला शेवाळाचा थर धरतो आणि तो हाताला लागेपर्यंत डोळ्यांना दिसत नाही. जलपर्णीच्या मुळ्या आणि मासेमारीच्या जाळ्याचा नायलॉन धागा स्ट्रट (शाफ्टला तळाखाली धरणारा आधार) आणि पंख्याच्या मधल्या फटीत गुंडाळून बसतात. धागा वितळून स्ट्रटमधल्या कटलेस बेअरिंगला चिकटलेला असेल तर शाफ्ट हाताने फिरवताना जडपणा जाणवतो. जलपर्णी थंड पाण्याच्या गाळणीतही अडकते, तीही उघडून बघा.

पेट्रोल. आता पंपावरच्या साध्या पेट्रोलमध्ये २०% इथेनॉल असतं, आणि बऱ्याच मरीन इंजिनांच्या पुस्तिकेत मर्यादा १०% लिहिलेली असते. आपल्या इंजिनाची मर्यादा पुस्तिकेत वाचाच. इथेनॉल हवेतली ओल ओढतं. पावसाळाभर टाकीत पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये पाणी खाली बसतं आणि हंगामाच्या पहिल्या दिवशी इंजिन दम टाकतं. पाणी वेगळं करणारा फिल्टर काढून काचेच्या बरणीत ओता, दहा मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर तोच दोषी. ऑक्टेन कमी पडला की इंधन अवेळी पेटून ठोके (नॉकिंग) येतात, आणि नॉक सेन्सर ठिणगीची वेळ (टायमिंग) मागे खेचतो, तेव्हाही ताकद जाते, आणि तीही उन्हाळ्यातच जास्त.

शेवटी पंखा. वाकलेलं पातं सगळे ओळखतात. नजरेतून सुटतो तो कप, म्हणजे पात्याच्या मागच्या कडेला दिलेली बारीक वळी. मे महिन्यात धरणं उतरली की एरवी खोल असलेल्या पाण्यात दगड, बांध, जुनी खोडं अगदी वर येतात. नुसता ओझरता स्पर्श झाला तरी कप सपाट होतो. पातं सरळ दिसतं, पण पंख्याची पकड गेलेली असते. पात्याच्या मागच्या कडेवर छोटी स्टीलची पट्टी आडवी धरा आणि चारही पात्यांवर पट्टीखालची फट ताडून पाहा. एका पात्यावर फट वेगळी दिसली, की पंखा दुरुस्तीला. कप गेल्याची खूण उलटी असते, हे लक्षात ठेवा : आरपीएम कमी होत नाहीत, वाढतात, आणि वेग मात्र पडतो.

मोजणी

वरचं सगळं ठीक असेल तर अर्धा दिवस मोजणीला द्या. लागतं काय : फोनवरचं जीपीएस, घड्याळ, वही, आणि लिहायला एक माणूस. टाकी अर्धी ठेवा. चाचणी दोन वजनांत घ्या : रिकामी बोट दोन माणसांसह, आणि नेहमीचा पूर्ण बॅलास्ट व नेहमीची माणसं. प्रत्येक फेरी उलटसुलट दोन्ही दिशांनी करून सरासरी काढा, कारण धरणावर दुपारचा वारा बराच फरक पाडतो.

लिहायचं ते एवढंच : हवेचं तापमान, पूर्ण थ्रॉटलला स्थिर झालेले आरपीएम (पाच ते आठ सेकंद पुरे, इंजिनाला त्याहून जास्त ताणू नका), थांबलेल्या बोटीपासून ताशी ३२ किमीपर्यंत लागलेले सेकंद, आणि कामाच्या वेगाचे आरपीएम. वेकबोर्डसाठी हा वेग ताशी ३५ ते ३८ किमी, वेकसर्फसाठी १६ ते १९. डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा जुना असेल तर स्कॅनरशी ताडून घ्या. काटा २०० आरपीएमने चुकीचा असेल तर पुढचं सगळं गणित वाया.

त्याच वेळी स्लिप काढा, म्हणजे पंख्याचा कागदावरचा वेग आणि खरा वेग यांतला टक्क्यांतला फरक. पिच म्हणजे एका फेऱ्यात पंखा कागदावर जेवढा पुढे सरकतो ते अंतर; गिअर रेशो म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे फेरे. पंख्याने कागदावर गाठायला हवा तो वेग असा :

वेग (किमी/तास) = इंजिन आरपीएम ÷ गिअर रेशो × पिच (इंच) × ०.००१५२४

गिअर रेशो १.५, पिच १४ इंच, सर्फिंगला ३००० आरपीएम धरले तर उत्तर येतं ४२.७ किमी. जीपीएस दाखवतंय १८. म्हणजे स्लिप जवळपास ५८%. हा आकडा पाहून घाबरायचं कारण नाही. टनभर पाणी भरून मुद्दाम तळ बुडवून चालवलेल्या बोटीत तो असाच मोठा असतो. पण वेक बोटीचा पंखा वेगळा का लागतो, हे त्यातून कळतं. पाणी पंख्याकडे सावकाश येतंय, पातं फार मोठ्या कोनात त्यात घुसतंय, आणि इंजिन अशा आरपीएमवर अडकलंय जिथे त्याचा टॉर्क अजून पुरता आलेला नाही. पिच जितका जास्त तितका हा कोन वाईट. वेगवान बोटीवर शोभणारा जास्त पिचचा पंखा इथे म्हणूनच पांगळा ठरतो.

आकडे काय सांगतात

इंजिनाच्या पुस्तिकेत पूर्ण थ्रॉटलच्या आरपीएमची मर्यादा दिलेली असते, समजा ४८०० ते ५२००. हीच मोजपट्टी.

रिकामी आणि भरलेली, दोन्ही वेळा बोट मर्यादेच्या खाली राहत असेल, तर पंखा जड आहे. हे नुसतं गैरसोयीचं नाही, इंजिनालाही घातक आहे : कमी आरपीएमवर पूर्ण थ्रॉटल म्हणजे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कात्रज घाटात रेटण्यासारखं, नॉकिंग आणि तापमान दोन्ही वाढतं.

रिकामी बोट मर्यादेत येते पण भरलेली प्लेनिंगलाच येत नाही, तर कमतरता सुरुवातीच्या ओढीची आहे. पिच कमी करा. पात्यांचं क्षेत्रफळ वाढवता आलं तर अधिक चांगलं. पंखा तीन पात्यांचा असेल तर चार पात्यांचा घ्या. वरचा वेग किंचित जाईल, पण पकड वाढते, थरथर कमी होते आणि ठरवलेला वेग टिकतो. चार पात्यांचा पंखा त्याच मापाचा घेतला तर जड पडतो, म्हणून पिच साधारण इंचभर उतरवून घ्या.

आरपीएम अचानक चढतात, वेग चढत नाही, वळणावर पंखा "सुटतो", तर पंख्यात हवा शिरतेय किंवा पात्यांवर कॅव्हिटेशन (पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटणं) होतंय. कॅव्हिटेशन झालेल्या पात्याच्या पाठीवर बारीक खड्डे दिसतात, खाल्लेल्या धातूसारखे. अशा वेळी पिच बदलून उपयोग नाही. आधी खराब झालेली पाती दुरुस्त करा.

आणि रिकामी बोट पूर्ण थ्रॉटलला लिमिटरवर (आरपीएम हद्दीपलीकडे जाऊ न देणाऱ्या सोयीवर) आदळत असेल तर पंखा हलका आहे. पिच उतरवण्याच्या उत्साहात ही चूक नेहमी होते.

किती बदलायचं

ढोबळ हिशेब असा : पिच एक इंचाने कमी केला की पूर्ण थ्रॉटलला १५० ते २०० आरपीएम वाढतात. कप वाढवला की आरपीएम पडतात, साधारण इंचभर पिच वाढवल्याएवढे. व्यासाला मात्र जपून हात लावा. पंख्याला लागणारा टॉर्क व्यासाच्या पाचव्या घाताने वाढतो : १४.५ इंचांचा पंखा १५ इंच केला की त्याच आरपीएमला सुमारे १८% जास्त टॉर्क लागतो. नुसत्या अर्ध्या इंचाला! "मोठा पंखा लावा, जास्त ओढेल" हा सल्ला अर्धाच खरा आहे. मोठा व्यास आणि त्याच्या जोडीला बराच कमी पिच, ही जोडी ओढते. व्यास वाढवून पिच तोच ठेवला तर इंजिन गुदमरतं.

समजण्यासाठी आकडे धरू. मर्यादा ४८०० ते ५२००. एप्रिलच्या दुपारी भरलेली बोट ४५००, जानेवारीच्या सकाळी रिकामी बोट ४८५०. पिच १४ वरून १२ केला तर इंचाला १७५ धरून ३५० वाढतील : एप्रिलला ४८५०, जानेवारीला ५२००. दोन्ही टोकं मर्यादेत बसली. तीन इंच उतरवला असता तर जानेवारीत रिकामी बोट ५३७५ च्या घरात, म्हणजे लिमिटरच्या तोंडाशी गेली असती. दोन इंच हे इथलं उत्तर.

यात जातं काय? कागदावरचा कमाल वेग ४८५० आरपीएम व १४ पिचला ६९ किमी होता, तो ५२०० व १२ पिचला ६३ झाला. खेळ चालतो ३८ च्या आत. ते सहा किलोमीटर कोणाच्याच उपयोगाचे नव्हते. कामाच्या वेगाचे आरपीएम थोडे वाढतात, म्हणून इंधन जास्त जाईल अशी भीती वाटते. भरलेल्या बोटीत बहुधा उलट होतं, कारण सगळ्यात जास्त पेट्रोल जळतं ते प्लेनिंगला यायच्या धडपडीत, आणि तीच धडपड कमी होते.

एका वेळी एकच माप बदला. पिच, व्यास आणि कप तिन्ही एकदम बदलले तर काय लागू पडलं ते कधीच कळणार नाही.

दुसरा पंखा मागवण्याआधी आहे तोच पंखा साधारण इंचभर पिच उतरवून घेता येतो का ते विचारा. हे काम भोसरीत किंवा चाकणला कुठल्याही वेल्डिंग शॉपमध्ये होत नाही. वेक बोटींचे पंखे सहसा निकेल-अ‍ॅल्युमिनियम ब्राँझचे आणि सीएनसीवर घडवलेले असतात. साध्या ब्राँझच्या सळईने भरलेलं पातं दिसायला चकचकीत असतं आणि पहिल्याच हंगामात तडकतं. पिच मोजायचं उपकरण आणि बॅलन्सिंगची सोय ज्याच्याकडे आहे त्यालाच द्या, आणि परत घेताना प्रत्येक पात्याचं मोजमाप कागदावर मागा.

मागवताना

जुन्या पंख्याच्या बोंडावर (मधल्या गोल भागावर) व्यास, पिच, फिरण्याची दिशा कोरलेली असते. ती लिहून घ्याच, शिवाय बोअर (शाफ्टसाठीचं भोक), ते टेपर (निमुळतं) की स्प्लाइन (खाचांचं), बोंडाची लांबी आणि कपचं मापही. दिशेची खात्री स्वतः करा : बोटीच्या मागे उभं राहून पाहिल्यावर, फॉरवर्डमध्ये पंख्याची वरची बाजू उजवीकडे फिरते तर उजवा, डावीकडे तर डावा. बऱ्याच व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागे, पंखा तळाखाली असलेल्या) वेक बोटींचा पंखा डावा असतो. उजवा मागवला तर तो शोभेलाच ठेवावा लागेल.

व्यास वाढवत असाल तर पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांतली फट मोजा. ती व्यासाच्या १०% हून कमी नको, १५% असली तर उत्तम. १५ इंचांच्या पंख्याला म्हणजे किमान ३८ मिमी. फट कमी पडली की तळावर ठोके बसल्यासारखा आवाज येतो, आणि लोक मग बेअरिंगं बदलत बसतात.

बसवताना

बोट ट्रेलरवर, इग्निशनची किल्ली खिशात, बॅटरीचा स्विच बंद. पिन काढा, नट तीन-चार आटे सैल करा पण पूर्ण काढू नका. पुलर (पंखा ओढून काढायचं अवजार) लावून कसत जा. पंखा सुटताना ठणकन उडी मारतो, आणि नट असल्यामुळे तिथेच थांबतो. चांगला पुलर पुण्याच्या बोहरी आळीत शोधलात तर मिळेल, नाहीतर करून घ्या, पण बोंडावर हातोडा मारू नका. शाफ्ट वाकला तर नव्या पंख्याच्या दसपट डोकेदुखी.

टेपर स्वच्छ पुसा. आधी चावी (पंखा शाफ्टवर फिरू नये म्हणून खाचेत बसणारी धातूची पट्टी) न घालता पंखा हाताने घट्ट सरकवा आणि तो शाफ्टवर कुठपर्यंत आला तिथे पेन्सिलने खूण करा. आता चावी घालून पुन्हा सरकवा. पंखा खुणेपर्यंत आला नाही, तर तो टेपरवर न बसता चावीवर चढतोय. असा पंखा कितीही आवळला तरी डगमगतो, आणि महिन्याभरात पुन्हा थरथर सुरू. चावी बारीक घासा, खुणेपर्यंत येईल तेव्हाच थांबा. निळा रंग लावून टेपर सगळीकडून टेकतोय का पाहा. टेकत नसेल तर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टने थोडं लॅपिंग करा आणि ती पेस्ट पूर्ण धुऊन काढा.

नट पुस्तिकेतल्या टॉर्कला, टॉर्क पान्यानेच. पिन नेहमी नवी. पहिल्या दोन तासांनंतर नट पुन्हा तपासा. तरीही थरथर राहिली तर बोट पाण्यात असताना इंजिन आणि शाफ्टच्या कपलिंगमध्ये फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. चारही बाजूंच्या फटींत ०.०८ मिमीहून जास्त फरक नसावा. ही मोजणी ट्रेलरवर करू नका, तिथे बोटीचा आकार किंचित बदललेला असतो.

पंखा न बदलता आजचा दिवस निभवायचा असेल तर

सर्फच्या बाजूची मागची पिशवी शेवटी भरा. सुरुवातीला माणसांना पुढे बसवा, मागची पट्टी (खाली केली की बोटीचं नाक दाबणारी) पूर्ण खाली घ्या, बोट उठली की पट्टी हळूहळू वर आणि माणसं आपल्या जागी. यात शंभर-दोनशे किलो हलके केल्याचा परिणाम मिळतो. सकाळी नऊच्या आत पाण्यात उतरा. दुपारपेक्षा हवा थंड आणि दाट असते, वाराही पडलेला असतो.

एक गोष्ट मात्र जुळवून घेण्याची नाही. वेकसर्फिंग फक्त अशाच बोटीमागे, जिचा पंखा तळाखाली आत असतो. आउटबोर्ड किंवा साध्या स्टर्नड्राइव्हमागे, जिथे पंखा बोटीच्या मागे उघडा फिरतो, तिथे सर्फिंग करायचंच नाही, मग खेळाडू कितीही सराईत असो. आणि कोणीही मागच्या फळीजवळ असेल तर गिअर न्यूट्रलला ठेवून भागत नाही, इंजिन बंद.

नवा पंखा बसल्यावर तीच मोजणी, त्याच वजनात, शक्यतो तेवढ्याच तापमानाला पुन्हा करा आणि जुन्या आकड्यांशेजारी लिहा. पिच दोन इंच उतरवूनही आरपीएम शंभरानेच वाढले असतील, तर तिसरा पंखा मागवू नका. कॉम्प्रेशन आणि इंधनाचा दाब मोजायला घ्या. परत निघताना बॅलास्ट त्याच धरणात रिकामा करा, नाहीतर पवनेचं पाणी आणि त्यातल्या जलपर्णीच्या बिया मुळशीत पोहोचतात. बिल्जमध्ये तेलाचा तवंग असेल तर तो पंप पाण्यात सोडू नका, डब्यात भरून घरी न्या. खडकवासल्याचं पाणी शहराच्या नळाला येतं.